नोंदवहीतलं ‘कारण’ आणि घरातला माणूस

आत्महत्येच्या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालातले आहेत. हे वाचताना तुमच्या स्वतःच्याच मनात जीव नकोसा झाल्याचे विचार असतील, तर उत्तरं नंतर वाचा. आधी १४४१६ हा ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक लावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास सुरू असतो.

बातम्या शेतकऱ्यांच्याच असतात. पण देशातल्या एकूण आत्महत्यांमध्ये शेतकऱ्यांचं प्रमाण फार थोडं आहे, असा दावा करणारा संदेश मला आला. यात खरं काय? (एक वाचक, परभणी)

संदेशात म्हटलेलं प्रमाण खोटं नाही, त्यावरून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांपैकी शेतीवर जगणारे ११,२९०, म्हणजे ६.६ टक्के. त्यातही स्वतःची किंवा कसायला घेतलेली जमीन करणारे ५,२०७ आणि शेतमजूर ६,०८३. शेतमजुरांची संख्या जास्त आहे, हे बातम्यांत क्वचितच येतं. सगळ्यांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा आहे, २६.४ टक्के. यात शेतमजूर धरलेले नाहीत. त्याखालोखाल गृहिणी, २५,३०९. विद्यार्थी १३,०४४.

आता हेच महाराष्ट्रापुरतं पाहा. राज्यात त्या वर्षी २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. देशात हा आकडा सर्वाधिक होता. त्यांत शेती क्षेत्रातल्या ४,२४८, म्हणजे जवळजवळ दर पाचांत एक. देशातल्या शेतीशी निगडित आत्महत्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त आपल्या एका राज्यात झाल्या. त्यामुळे मराठी वर्तमानपत्रांनी शेतकऱ्यांवर लिहिणं योग्यच आहे. चूक होते ती रोजंदारीवाला मजूर आणि गृहिणी यांच्याबद्दल न लिहिण्यात.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, संख्या आणि दर यांतला फरक. महाराष्ट्राचा आकडा मोठा आहे त्यामागे लोकसंख्याही आहे. दर लाख लोकसंख्येमागे पाहिलं तर देशाचा दर १२.४, केरळचा २८.५ आणि सिक्कीमचा ४३.१ आहे. व्यवसायांच्या बाबतीत तर अहवाल दर देतच नाही, नुसती संख्या देतो. त्यामुळे ‘अमुक धंद्यातल्या माणसाला धोका जास्त’ असं त्या तक्त्यावरून सरळ म्हणता येत नाही.

दुसरी गोष्ट, व्यवसायाचा रकाना भरतो कोण? पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, नातेवाइकांचे जबाब घेतले जातात आणि त्यावरून रकाना भरला जातो. सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर निंदणी-खुरपणीपासून कापूस वेचणीपर्यंत सगळं करणारी बाई कागदावर गृहिणी ठरते. त्या ५,२०७ शेतकऱ्यांमध्ये स्त्रिया किती होत्या? २०८. संपूर्ण देशात. शेतात वाकलेल्या पाठी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हा आकडा पटणार नाही. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाराही असाच मजुरांच्या रकान्यात जाऊ शकतो. सरकारी मदतीसाठी शेती आणि कर्ज यांचे कागद लागतात, म्हणून ज्यांच्याकडे कागद नाहीत ते दुःखाच्या हिशेबातूनही गळतात आणि मदतीच्याही.

राहिला ‘का’ हा प्रश्न. कर्ज हे कारण आहे, पण ते एकटं येत नाही. कोरडवाहू कापूस-सोयाबीन घ्या. मागचं पीककर्ज थकलेलं, म्हणून जूनमध्ये बँक नवं देत नाही. मग बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणि रोकड सावकाराकडून. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणी करावी लागते. माल बाजारात येतो तेव्हाच भाव पडलेला असतो. त्यात घरातलं एखादं आजारपण किंवा लग्न. या सगळ्यात झोप उडालेली, नैराश्य आलेलं, पण त्याला आजार म्हणून कुणी ओळखलेलं नाही. वर दारू. आणि घरात हाताशी कीटकनाशक. यातली शेवटची कडी इतर कड्यांइतकीच महत्त्वाची आहे. टोकाचा विचार अनेकदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर जगणं-मरणं ठरतं.

श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ च्या सुमारास शिखरावर असलेला तिथला आत्महत्येचा दर पुढच्या दोन दशकांत निम्म्याहून खाली आला. त्याच देशात १८० गावांत घराघरांत कीटकनाशकं ठेवायला कुलूपबंद पेट्या वाटून पाहिल्या, त्याने मात्र फरक पडला नाही. याचा अर्थ कुलूप लावू नये असा नाही. घरात कुणी खचलेलं असेल तर पेटीवर विसंबू नका, माल घरातून पूर्ण हलवा आणि हंगामापुरता, लागेल तेवढाच आणा.

उपचार न मिळण्याची कडीही तोडता येते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या पायरीवर होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. पाऊस आणि भाव तेच राहिले होते.

बातमीत ‘घरगुती कारणावरून’ किंवा ‘आजारपणाला कंटाळून’ लिहितात. म्हणजे नेमकं काय? आणि गृहिणींचा आकडा एवढा मोठा का? (एक वाचक, सांगली)

म्हणजे फार थोडं. अहवालात प्रत्येक मृत्यूला एकच कारण लावलेलं असतं. २०२२ मध्ये ‘कौटुंबिक समस्या’ ३१.७ टक्के आणि ‘आजार’ १८.४ टक्के. दोन्ही मिळून निम्मे. परीक्षेतलं अपयश सव्वा टक्क्याच्या आसपास. हे कारण ठरतं ते मृत्यूनंतर एक-दोन दिवसांत, घाबरलेल्या आणि कधी कधी स्वतःच संशयाखाली असलेल्या नातेवाइकांच्या जबाबावरून. ‘पोटाच्या विकाराला कंटाळून’ हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य आहे. त्याच्या आड मारहाण, कर्ज, नैराश्य यांपैकी काहीही असू शकतं. कधी खरोखरच दुखणं असतं. ‘कंटाळून’ हा शब्द तर बातमीतून हद्दपारच व्हावा, असं आमचं मत आहे. तो वाचणाऱ्याला हळूच सांगतो की कंटाळा आला तर हाही एक मार्ग आहे.

स्त्रियांचा आकडा मात्र गंभीरपणे पाहायला हवा. २०२२ मध्ये आत्महत्येने गेलेल्या ४८,१७२ स्त्रियांपैकी निम्म्याहून जास्त गृहिणी म्हणून नोंदलेल्या आहेत. जागतिक आजारभाराच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात आत्महत्येने मरण पावलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतीय होत्या. पुष्कळ देशांत लग्न हे आत्महत्येपासून संरक्षण देणारं मानलं जातं. आपल्याकडच्या तरुण विवाहितेबाबत तसं दिसत नाही. कमी वयात लग्न, लगेच बाळंतपण, हातात पैसा नाही, मारहाण झाली तरी ‘दिल्या घरी सुखी राहा’ म्हणून माहेरचं दार अर्धं बंद. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आणि बाळंतपणानंतरचं वर्ष हा जास्त जोखमीचा काळ. बाळंतिणीला दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप लागत नसेल, ‘माझ्यामुळे बाळाचं वाईट होईल’ असं ती म्हणत असेल, तर ते ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना सांगा, यावर उपचार आहेत. घरात हिंसा असेल तर १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे.

पुरुषांचं गणित वेगळं. त्याच वर्षी गेलेल्यांत १,२२,७२४ पुरुष, म्हणजे दहांत सात. कमावता राहण्याचा दबाव, मदत न मागण्याची सवय आणि दारू. दारू दोन बाजूंनी मारते. रोजच्या पिण्याने नैराश्य आणि घरातली भांडणं वाढतात. आणि पिऊन असताना त्या घटकेला मनाचा ब्रेक सुटतो. गेलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. रोजंदारीवाल्याचा हात मोडला तर त्या दिवसापासून चूल अडते, हे त्या टक्केवारीमागचं साधं वास्तव.

माझ्या भाच्याने (वय २३) दोन आठवड्यांपूर्वी जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न केला. रुग्णालयातून घरी आला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. घरात आता कुणी तो विषय काढत नाही, त्याला आठवण नको म्हणून. ताई म्हणते, लग्न लावून देऊ, मार्गी लागेल. आम्ही काय करावं? (एक मामा, नाशिक)

विषय काढा, आणि तो तुम्ही काढा. आधी झालेला प्रयत्न ही पुढच्या धोक्याची सगळ्यांत मोठी खूण मानली जाते. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही भीती खोटी आहे. उलट, विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. आडून विचारू नका. ‘असलं काही परत करणार नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे एकच उत्तर मिळतं. असं विचारा: ‘जीव द्यावा असं आताही मनात येतं का? दिवसातून किती वेळा? कसं करायचं हे ठरवलंयस का? जवळ काही ठेवलंयस का?’ विचार येतो पण काही ठरवलेलं नाही, असं म्हणाला तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. ठरवलेलं आहे किंवा साधन जवळ आहे असं कळलं, तर त्याच क्षणापासून त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. १०८ ची रुग्णवाहिका किंवा ११२ लावा.

घर आजच तपासा. औषधांचा साठा, शेतीची-बागेची औषधं, जे काही धोक्याचं वाटतं ते त्याच्या हाताबाहेर, शक्यतो घराबाहेर. त्याच्या गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच आणा आणि तुमच्यापैकी एकाने स्वतःच्या हाताने द्या. नैराश्याच्या गोळ्यांना गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यातच ‘फरक नाही’ म्हणून बंद करणं ही सर्रास होणारी चूक. दुसरी चूक, बरं वाटू लागताच आपल्या मनाने थांबवणं. पंचविशीच्या आतल्या मुलांत या गोळ्या सुरू झाल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत बेचैनी वाढू शकते. तो येरझाऱ्या घालू लागला, झोप पार उडाली, चिडचिड एकदम वाढली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. आणि खिन्न असलेला माणूस अचानक शांत, मोकळा झाला, वस्तू वाटू लागला, हिशेब मिटवू लागला, तर ते बरं होणं समजू नका.

त्याच्यासोबत बसून एक कागद तयार करा. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच हाताने. सगळं बिघडायला लागल्याची खूण काय (‘रात्री दोननंतर जाग येते, जुने मेसेज वाचत बसतो’). त्या वेळी एकट्याने काय करता येतं. कुठे जाऊन बसता येतं. कुणाला फोन करायचा, किमान तीन नावं, त्यात तुमचं. कोणते डॉक्टर, कोणता क्रमांक. घरातलं काय हलवलंय. हा कागद त्याच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. ‘परत करणार नाही’ अशी शपथ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. ती मोडायची वेळ आली की माणूस तुमच्यापासून लपायला लागतो.

सगळ्यांत स्वस्त उपाय आता सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना रुग्णालयातून सुटताना तासभर समजावून सांगणं आणि मग दीड वर्षात नऊ वेळा भेट किंवा फोन: १, २, ४, ७, ११ आठवड्यांनी, मग ४, ६, १२, १८ महिन्यांनी. दीड वर्षात आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात २.२ टक्के आणि दुसऱ्यात ०.२ टक्के. तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि त्या मामाच्या नात्याने पाळा. आजच चार आठवड्यांची तारीख टाका.

लग्नाचं आत्ता काढू नका. आजार असताना लावलेलं लग्न हा उपचार नसतो. त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य गुंततं.

पोलिसांची भीती असेल तर तीही सांगतो. रुग्णालय अशा केसची पोलिसांना माहिती देतं, ती प्रक्रिया आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवायचा नसतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं कलम ३०९ घेतलेलंच नाही. कलम २२६ आहे, पण ते सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी किंवा काम करायला भाग पाडण्यासाठी असा प्रयत्न करणाऱ्यापुरतं. जबाब घ्यायला पोलीस आले तर घाबरून खोटं, ‘चुकून घडलं’ असं सांगू नका. डॉक्टरांना खरं कारण कळलं नाही तर उपचारच चुकतात.

वडील ७६ वर्षांचे. आई गेल्यावर ‘आता पुरे झालं, न्यावं देवाने’ असं रोज म्हणतात. गुडघे, साखर, कमी ऐकू येणं. म्हातारपणी असं बोलतातच ना? (एक वाचक, ठाणे)

बोलतात, आणि म्हणूनच खरी हाक कानावरून जाते. ‘देवाने न्यावं’ आणि ‘मीच काहीतरी करतो’ यांत फरक आहे. तो समजायला वर मामांना सांगितलेले प्रश्नच विचारा, मोठ्याने, कारण ऐकू कमी येतं. वृद्धांमध्ये प्रयत्न कमी असतात, पण त्यातून मृत्यू होण्याचं प्रमाण तरुणांपेक्षा जास्त असतं आणि आधी सांगणं कमी.

या वयातलं नैराश्य ‘मन उदास आहे’ असं म्हणत येत नाही. पहाटे तीनला जाग, जेवणावरची वासना जाणं, वजन उतरणं, सतत बद्धकोष्ठ-डोकेदुखीच्या तक्रारी, ‘मी तुमच्यावर ओझं’ हे वाक्य. हे ‘ओझं’ शब्दाचं वाक्य विशेष लक्षात ठेवा. डॉक्टरांकडे जाताना थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासायला सांगा. चालू औषधांची पूर्ण यादी न्या. दुखण्यावर पुरेसा उपचार होतोय का ते स्पष्ट विचारा. गुडघेदुखी ‘वयाची’ म्हणून सोडलेली असते आणि न थांबणारी वेदना हा स्वतंत्र धोका आहे. श्रवणयंत्राने अनेकदा माणूस पुन्हा गप्पांत येतो. आईच्या वर्षश्राद्धाच्या आसपासचे दिवस जपा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ आहे.

मी शाळेत शिक्षिका आहे. निकालाच्या दिवसांत काय करावं? आणि १४४१६ ला फोन केल्यावर नेमकं काय होतं? (एक वाचक, लातूर)

निकालाच्या दिवसापेक्षा त्याआधीचे महिने महत्त्वाचे. अचानक गुण घसरणं, मैत्री तोडणं, वहीत मरणाबद्दलच्या ओळी, हातांवरच्या खुणा लपवायला उन्हाळ्यात लांब बाह्या, घरी मारहाण किंवा लैंगिक छळाचा संशय, मित्राचा नुकताच असा मृत्यू. यांपैकी काही दिसलं तर त्या मुलाशी एकट्याने बोला. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ‘ज्यांना सांगायलाच हवं त्यांनाच सांगेन’ असं म्हणा. निकाल लागायच्या आधीच पुरवणी परीक्षेची माहिती वर्गात सगळ्यांना द्या, एकट्या नापासाला बोलावून नव्हे. निकालाच्या संध्याकाळी ज्या चार-पाच मुलांची काळजी वाटते त्यांच्या घरी स्वतः फोन करा आणि पालकांना सांगा, आज रात्री त्याला एकटं झोपू देऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक हवा. तुमच्या शाळेत नसेल तर मुख्याध्यापकांना हे लेखी द्या. मुलांसाठी १०९८ आहेच.

१४४१६ लावल्यावर आधी भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज वाटली तर तो पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या सरकारी सेवेचा पत्ता देतो. दुसऱ्या कुणाबद्दल काळजी वाटत असेल तरी फोन करता येतो. हा क्रमांक लागला नाही तर १८००-८९१-४४१६ लावा. दोन्ही क्रमांक वर्गातल्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि रोज पुसले गेले तरी रोज पुन्हा लिहा.